क्रमवारीमागची साखळी : औषधांची अप्रत्यक्ष तुलना आणि पुराव्याची खात्री

प्रस्तावना

२१ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने नैराश्यावरील २१ औषधांची एकमेकांशी तुलना करणारा एक निबंध प्रसिद्ध केला. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ आन्द्रेआ सिप्रियानी हे त्याचे प्रमुख लेखक. ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण एवढी सामग्री या निबंधात एकत्र आणली आहे. नैराश्याची औषधे खरोखर उपयोगी पडतात काय, हा वाद ब्रिटनमध्ये कित्येक वर्षे चालू होता. निबंध बाहेर पडताच तेथील अनेक वृत्तपत्रांनी हा वाद निकालात निघाल्यासारख्या बातम्या दिल्या. सर्वांत प्रभावी औषध कोणते आणि सर्वांत कमी प्रभावी कोणते, याची उतरती यादीही त्याबरोबर लोकांपर्यंत पोहोचली.

प्रस्तुत लेखाचा हेतू या निबंधाची, आणि विशेषतः त्यातील क्रमवारीची, चिकित्सा करणे हा आहे. प्रस्तुत लेखक औषधशास्त्राचा नव्हे, भाषेचा अध्यापक आहे, हे सुरुवातीलाच नमूद केलेले बरे. परंतु हा निबंध जितका संख्यांचा आहे तितकाच विधानांचाही आहे. कोणते विधान किती खात्रीने केले आहे, ती खात्री कोठून आली आणि वाचकापर्यंत पोहोचताना तिचे काय झाले, हे तपासणे भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचे नाही. शिवाय आपल्या महाविद्यालयांत मराठी आणि उर्दू अशा दोन्ही माध्यमांतून विद्यार्थी येतात. आरोग्यविषयक इंग्रजी मजकूर त्यांच्या घरात पोहोचतो तो पुष्कळदा शिक्षकाने समजावून सांगितल्यानंतरच. तेव्हा असा मजकूर कसा वाचावा, हा आपल्या कामाचाच भाग आहे.

अप्रत्यक्ष तुलना म्हणजे काय

दोन औषधांपैकी कोणते अधिक चांगले, हे ठरवण्याचा सरळ मार्ग म्हणजे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करावेत, एकाला हे औषध द्यावे, दुसऱ्याला ते द्यावे आणि निकाल पाहावा. यालाच यादृच्छिक चाचणी म्हणतात, आणि अशा चाचणीतून मिळणारी तुलना ही प्रत्यक्ष तुलना होय. अडचण अशी की २१ औषधांच्या दोन-दोन अशा २१० जोड्या होतात. इतक्या जोड्यांच्या चाचण्या कोणी केलेल्या नाहीत. पुष्कळशा औषधांची चाचणी प्लासिबोशी, म्हणजे औषधासारख्याच दिसणाऱ्या पण औषधी द्रव्य नसलेल्या गोळीशी, झालेली असते.

अशा वेळी संशोधक मधला दुवा शोधतात. ‘अ’ औषधाची तुलना ‘क’ शी झालेली आहे आणि ‘ब’ ची तुलनाही ‘क’ शीच झालेली आहे. तर मग ‘क’ च्या मार्फत ‘अ’ आणि ‘ब’ यांची तुलना करता येते. हीच अप्रत्यक्ष तुलना. अनेक औषधांचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष दुवे एकाच जाळ्यात विणून सर्वांचा एकत्रित हिशेब मांडला की त्याला नेटवर्क मेटा-अॅनालिसिस म्हणतात. सिप्रियानी आणि सहकाऱ्यांचा निबंध या प्रकारचा आहे.

आपल्याकडच्या कुस्तीचे उदाहरण घेऊ. ‘अ’ पैलवानाने ‘क’ ला दोन मिनिटांत चीतपट केले. दुसऱ्या गावी ‘ब’ ने त्याच ‘क’ ला वीस मिनिटे झुंजून कसाबसा हरवला. यावरून ‘अ’ हा ‘ब’ पेक्षा सरस, असे म्हणता येईल काय? कदाचित येईल. पण ‘अ’ शी लढला त्या दिवशी ‘क’ नुकताच तापातून उठलेला असेल तर? एक कुस्ती मातीवर आणि दुसरी गादीवर झाली असेल तर? ‘क’ चे नाव दोन्ही ठिकाणी एकच आहे, पण तुलनेसाठी तो दोन्ही ठिकाणी एकच राहिला काय, हा खरा प्रश्न आहे. मधला दुवा दोन्हीकडे सारखाच असणे ही अप्रत्यक्ष तुलनेची पहिली अट आहे. ही अट पाळली गेली आहे, असे संख्याशास्त्र स्वतःहून सिद्ध करून देत नाही. चाचण्यांतील रुग्ण, त्यांचे वय, आजाराची तीव्रता, औषधाची मात्रा, चाचणीचा काळ हे सारे पाहून ते ठरवावे लागते.

साखळीची पारख

अप्रत्यक्ष तुलनेची रीतसर पद्धत हायनर बुखर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. एचआयव्हीबाधित रुग्णांना होणाऱ्या एका विशिष्ट न्यूमोनियाला प्रतिबंध करणारे दोन औषधोपचार त्यांनी उदाहरणादाखल घेतले. अप्रत्यक्ष तुलनेत पहिल्या उपचाराच्या बाजूने आलेले गुणोत्तर ०.३७ होते, तर प्रत्यक्ष चाचण्यांतून आलेले गुणोत्तर ०.६४ होते. गुणोत्तर १ पेक्षा जितके खाली तितका पहिल्या उपचाराचा फायदा अधिक, असा याचा अर्थ. म्हणजे दोन्ही मार्गांनी पहिला उपचारच सरस ठरला. परंतु अप्रत्यक्ष मार्गाने दिसलेला फायदा प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा होता. दोन आकड्यांमधील ही तफावत संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीनुसार योगायोगानेही आलेली असू शकते, हेही लेखकांनी नोंदवले आहे. पद्धत मांडणाऱ्यांनीच तिच्या मर्यादेचा इशारा देऊन ठेवला होता, ही बाब महत्त्वाची आहे.

पुढे २०११ मध्ये फुजियान साँग आणि सहकाऱ्यांनी ‘बीएमजे’ मध्ये अशा ११२ जाळ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १६ ठिकाणी, म्हणजे १४ टक्के जाळ्यांत, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष निकाल एकमेकांशी लक्षणीयरीत्या विसंगत होते. याचा अर्थ अप्रत्यक्ष तुलना टाकाऊ आहे असा नाही. उरलेल्या ठिकाणी लक्षणीय विसंगती आढळली नाही, हेही तितकेच खरे. परंतु एखाद्या विशिष्ट तुलनेत ती कितपत विश्वासार्ह आहे, हे प्रत्येक वेळी तपासूनच घ्यावे लागते.

या तपासणीसाठी ‘ग्रेड’ या नावाने ओळखली जाणारी पद्धती वापरतात. तिच्यात पुराव्याच्या खात्रीच्या चार पायऱ्या आहेत : उच्च, मध्यम, निम्न आणि अतिनिम्न. यादृच्छिक चाचण्यांचा पुरावा उच्च पायरीपासून सुरू होतो आणि पाच कारणांनी खाली उतरतो : चाचण्यांतील पक्षपाताची शक्यता, निकालांतील विसंगती, मूळ प्रश्नाशी दूरचा संबंध, आकड्यांची अनिश्चितता आणि प्रतिकूल निकाल अप्रकाशित राहण्याची शक्यता. नेटवर्क मेटा-अॅनालिसिससाठी या पद्धतीचा विस्तार मिलो पूहान आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘बीएमजे’ मध्ये मांडला. त्यातील एक नियम सर्वसामान्य वाचकानेही लक्षात ठेवावा असा आहे. ‘अ–क’ आणि ‘ब–क’ या दोन कड्यांपैकी जिचा दर्जा कमी, तोच दर्जा ‘अ–ब’ या अप्रत्यक्ष तुलनेला मिळतो. एक कडी उच्च दर्जाची आणि दुसरी निम्न दर्जाची असेल, तर अप्रत्यक्ष तुलना निम्न दर्जाची ठरते. दोहोंची सरासरी काढून ती मध्यम ठरवता येत नाही. शिवाय मधला दुवा दोन्हीकडे सारखा नसल्याचा संशय असेल तर दर्जा आणखी एक पायरी खाली जातो.

आकड्यांच्या अनिश्चिततेचाही हिशेब येथे सोपा आहे. अप्रत्यक्ष तुलनेत दोन्ही कड्यांची अनिश्चितता एकत्र मिळवली जाते. त्यामुळे एका प्रत्यक्ष चाचणीइतका नेमकेपणा अप्रत्यक्ष मार्गाने मिळवायचा, तर साधारण तेवढ्याच आकाराच्या चार चाचण्या लागतात. म्हणून ‘लाखाहून अधिक रुग्ण’ हा आकडा ऐकून भारावून जाण्याआधी, आपल्याला ज्या दोन औषधांची तुलना हवी आहे त्यांच्यामधल्या कडीत किती रुग्ण आहेत, हे विचारले पाहिजे.

निबंधाच्या जमेच्या बाजू

चिकित्सा म्हणजे केवळ दोषदर्शन नव्हे. सिप्रियानी यांच्या निबंधाचे गुण मोठे आहेत. त्यांनी केवळ प्रसिद्ध निबंधांवर भिस्त ठेवली नाही. समाविष्ट चाचण्यांपैकी निम्म्याहून अधिक चाचण्यांबाबत अप्रकाशित माहिती मिळवली. ५२२ पैकी ४०९ चाचण्यांना, म्हणजे ७८ टक्के चाचण्यांना, औषध कंपन्यांनी पैसा पुरवला होता, हे त्यांनी लपवले नाही. आपला माहितीसंच इतर संशोधकांसाठी खुला केला. आणि मुख्य म्हणजे पुराव्याच्या खात्रीची पायरी त्यांनी स्वतःच सांगितली : मध्यम ते अतिनिम्न. ५२२ पैकी केवळ ९६ चाचण्या पक्षपाताच्या दृष्टीने कमी जोखमीच्या होत्या. ३८० मध्यम आणि ४६ अधिक जोखमीच्या होत्या.

येथे एक आक्षेप मात्र घ्यावासा वाटतो. निबंधाच्या सारांशात खात्रीची ही पायरी निष्कर्षांच्या अगदी शेवटच्या वाक्याच्या शेवटी येते. त्यानंतरच्या अर्थविवेचनात तिचा उल्लेखच नाही. तेथे वाचकाला सांगितले जाते ते असे की सर्व औषधे प्लासिबोपेक्षा अधिक परिणामकारक आहेत आणि हे निष्कर्ष रुग्ण, डॉक्टर व धोरणकर्ते यांना उपयोगी पडावेत. बहुसंख्य वाचक सारांशाच्या पुढे जात नाहीत, आणि पत्रकार तर शेवटच्या परिच्छेदावरूनच मथळा ठरवतात. ज्या वाक्याने सर्व निष्कर्षांचे वजन ठरते, ते वाक्य असे एका कोपऱ्यात असणे हा मांडणीचा दोष म्हटला पाहिजे.

एकाच निबंधातील दोन याद्या

क्रमवारीची खरी परीक्षा निबंधातच घेता येते. सर्व चाचण्या, म्हणजे प्लासिबो असलेल्याही, धरून केलेल्या हिशेबात प्लासिबोच्या तुलनेत अॅमिट्रिप्टिलिनचे गुणोत्तर सर्वाधिक, २.१३ येते, आणि रिबॉक्सेटिनचे सर्वांत कमी, १.३७. या गुणोत्तरात १ पेक्षा जितके वर तितका परिणाम अधिक. या यादीत फ्लुव्हॉक्सामिनचे गुणोत्तर १.६९ आहे आणि अॅगोमेलाटिनचे १.६५. म्हणजे दोन्ही औषधे मध्यावर आणि जवळजवळ शेजारी आहेत.

यानंतर लेखकांनी केवळ औषध-विरुद्ध-औषध अशा चाचण्या घेऊन दुसरा हिशेब केला. त्यात अॅगोमेलाटिन हे अधिक परिणामकारक अशा सात औषधांत जाऊन बसले, तर फ्लुव्हॉक्सामिन सर्वांत कमी परिणामकारक अशा चार औषधांत गेले. ड्युलॉक्सेटिन पहिल्या यादीत १.८५ इतके वर होते. दुसऱ्या हिशेबातील सात नावांत ते नाही. औषधांमधील अंतरही बदलले. सर्व चाचण्या धरल्या तर दोन औषधांमधील मोठ्यात मोठे अंतर १.५५ इतके होते. प्लासिबोच्या चाचण्या वगळल्यावर ते १.९६ पर्यंत गेले.

औषधे तीच, मोजमापाचा निकष तोच, संशोधक तेच. बदलले ते केवळ जाळे. जाळ्यातून काही दुवे काढले की यादीतील जागा बदलतात. मग एखादे औषध ‘तिसऱ्या क्रमांकावर’ आहे, हे त्या औषधाबद्दलचे विधान की त्या जाळ्याबद्दलचे?

या दुसऱ्या हिशेबाला इंग्रजीत ‘हेड-टू-हेड’ असे नाव आहे. त्यावरून वाचकाचा समज असा होतो की यातील प्रत्येक जोडी प्रत्यक्ष समोरासमोर आणली गेली. तसे नाही. चाचण्या औषध-विरुद्ध-औषध आहेत हे खरे, पण २१० पैकी अनेक जोड्यांची प्रत्यक्ष चाचणी झालेलीच नाही. त्यांचे अंदाज इतर औषधांच्या मार्फतच येतात. फक्त मधला दुवा प्लासिबोऐवजी दुसरे एखादे औषध असते. शब्द प्रत्यक्षाचा आणि पुरावा पुष्कळ अंशी अप्रत्यक्षाचा, अशी ही स्थिती आहे.

असा फरक का पडत असावा? लेखकांनी त्याची काही उत्तरे दिली आहेत. आपल्याला प्लासिबो मिळण्याची शक्यता आहे हे रुग्णाला माहीत असले की औषधाला मिळणारा प्रतिसादही बदलतो. तसेच, एखादे औषध नवे असताना आणि चाचणीचा मुख्य विषय असताना अधिक चांगले दिसते. तेच पुढे जुने होऊन तुलनेपुरते वापरले जाऊ लागले की त्याची कामगिरी उतरते. व्हॉर्टिऑक्सेटिनला २०१३ मध्ये मान्यता मिळाली, अॅगोमेलाटिनला युरोपात २००९ मध्ये. अॅमिट्रिप्टिलिन १९६१ पासून वापरात आहे. या सर्वांच्या चाचण्या एकाच काळातील, एकाच प्रकारच्या रुग्णांवरील असणे शक्य नाही. कुस्तीच्या दृष्टान्तातला ‘क’ येथे तीस-चाळीस वर्षांच्या अंतराने लढतो आहे.

पहिला क्रमांक म्हणजे किती?

गुणोत्तर २.१३ याचा अर्थ ‘दुपटीहून अधिक रुग्ण बरे होतात’ असा केला जातो. तो चुकीचा आहे. हे गुणोत्तर रुग्णसंख्येचे नसून प्रतिसाद मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या रुग्णांच्या प्रमाणाचे आहे. समजा, प्लासिबो घेणाऱ्या १०० रुग्णांपैकी ४० जणांना प्रतिसाद मिळतो. तर या हिशेबाने अॅमिट्रिप्टिलिन घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ५९ जणांना आणि रिबॉक्सेटिन घेणाऱ्या सुमारे ४८ जणांना तो मिळेल. यादीच्या दोन टोकांमधले अंतर हे असे शंभरात ११ जणांचे आहे. मधल्या औषधांत तर अंतर उरतच नाही. एस्सिटालोप्रॅमचे गुणोत्तर १.६८ आणि सर्ट्रालिनचे १.६७, दोन्ही ठिकाणी शंभरात सुमारे ५३. आणि या अंदाजांच्या अनिश्चिततेच्या मर्यादा जवळजवळ संपूर्णपणे एकमेकींवर येतात : एकाची १.५० ते १.८७, दुसऱ्याची १.४९ ते १.८७. तरीही यादीत एक वर आणि एक खाली छापावे लागते. यादीचा तो स्वभावच आहे. तिला ‘हे दोन्ही सारखेच’ असे म्हणता येत नाही.

‘प्रतिसाद’ या शब्दाचाही अर्थ पाहिला पाहिजे. नैराश्य मोजण्याच्या प्रमाणित प्रश्नावलीतील गुण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येणे, असा तो आहे. पूर्ण बरे होणे असा नाही. चाचण्यांचा मध्यम कालावधी आठ आठवड्यांचा होता. रुग्णांचे सरासरी वय ४४ होते. उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार, भ्रमासह येणारे नैराश्य, आधीच्या औषधांना दाद न देणारे नैराश्य किंवा गंभीर शारीरिक आजार असलेल्या रुग्णांच्या चाचण्या वगळलेल्या होत्या. आपल्या वर्गातील एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला किंवा मधुमेहाने त्रस्त असलेल्या वृद्ध शेजाऱ्याला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करणे म्हणजे या साखळीला आणखी एक न तपासलेली कडी जोडणे होय.

परिणामकारकतेच्या यादीत न दिसणारी आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. अॅमिट्रिप्टिलिन या यादीत पहिले आहे. परंतु औषध अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण ज्यांच्यात अधिक, अशा औषधांतही निबंधाने त्याचे नाव घेतले आहे. तसेच त्याची मात्रा प्रमाणाबाहेर गेल्यास हृदयावर घातक परिणाम होतो, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्या आजारात रुग्णाच्या मनात आत्मघाताचे विचार येऊ शकतात, त्या आजारात ‘सर्वांत प्रभावी’ एवढ्यावरच निवड करणे किती धोक्याचे ठरेल, हे वेगळे सांगायला नको.

न दिसणारा पुरावा

साखळीत काही कड्या दिसतच नाहीत. रिबॉक्सेटिनचे उदाहरण बोलके आहे. जर्मनीतील औषध-मूल्यमापन करणाऱ्या एका शासनमान्य संस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्ये ‘बीएमजे’ मध्ये दाखवून दिले की या औषधाच्या चाचण्यांतील ७४ टक्के रुग्णांची माहिती प्रसिद्धच झाली नव्हती. केवळ प्रसिद्ध चाचण्या पाहिल्यास औषध उपयोगी वाटत होते. सर्व माहिती एकत्र केल्यावर चित्र पालटले. आता कल्पना करा की जाळ्यातील अशी एखादी कडी अपुऱ्या माहितीवर उभी आहे. तिचा दोष त्या एका औषधापुरता राहत नाही. तिच्या मार्फत ज्या-ज्या औषधांची तुलना होते, त्या सर्वांच्या अंदाजात तो उतरतो.

२०१९ मध्ये नॉर्डिक कोक्रेन सेंटरशी संबंधित क्लाउस मुंकहोल्म आणि सहकाऱ्यांनी सिप्रियानी यांनी खुल्या केलेल्या माहितीचे पुनर्विश्लेषण ‘बीएमजे ओपन’ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या मते या पुराव्याची खात्री अतिनिम्न असून औषधे प्लासिबोपेक्षा सरस आहेत किंवा नाहीत, हेही निश्चितपणे सांगता येत नाही. हा निष्कर्ष सर्वांना मान्य होईलच असे नाही. परंतु एकच माहिती, एकच ‘ग्रेड’ पद्धती आणि तरीही दोन वेगळे निवाडे, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खात्रीची पायरी यंत्रातून निघत नाही. ती माणसांनी कारणे देऊन ठरवायची असते. म्हणूनच ती कारणांसह वाचकासमोर असली पाहिजे.

ही अडचण पद्धतीच्या अभ्यासकांनीही ओळखली आहे. २०२० मध्ये रोमिना ब्रिग्नार्देयो-पीटरसन आणि ‘ग्रेड’ गटातील सहकाऱ्यांनी असे सुचवले की औषधांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देण्याऐवजी परिणामाचे प्रमाण आणि पुराव्याची खात्री या दोन्हींच्या आधारे त्यांचे गट पाडावेत. म्हणजे ‘बहुधा अधिक उपयोगी’ हा एक गट आणि ‘अधिक उपयोगी असू शकेल, पण पुरावा कच्चा’ हा वेगळा गट. प्रस्तुत लेखकाला ही मांडणी क्रमवारीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात खात्री ही तळटीप राहत नाही.

भाषेचा प्रश्न

येथे आपण आपल्या क्षेत्रात येतो. ‘ग्रेड’ गटाने निष्कर्ष कोणत्या शब्दांत लिहावेत याचेही संकेत ठरवले आहेत. उच्च खात्री असेल तर साधे क्रियापद, मध्यम असेल तर ‘बहुधा’, निम्न असेल तर ‘शक्यता आहे’, आणि अतिनिम्न असेल तर ‘पुरावा फार अनिश्चित आहे’, असे त्यांचे स्वरूप आहे. हे संकेत मराठीत आणणे कठीण नाही. ‘त्रास कमी होतो’, ‘त्रास बहुधा कमी होतो’, ‘त्रास कमी होत असण्याची शक्यता आहे’, ‘त्रास कमी होतो की नाही हे सांगता येत नाही’ : ही चार वाक्ये चार पायऱ्यांची आहेत. उर्दूत ‘ग़ालिबन’ आणि ‘शायद’ यांतील अंतर याच कामासाठी सज्ज आहे. यक़ीन आणि गुमान हा भेद तर आपल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे.

परंतु काही शब्दांपासून सावध राहावे लागते. मराठीतील ‘बहुतेक’ हा शब्द दुधारी आहे. ‘बहुतेक रुग्णांना गुण येतो’ यात तो संख्या सांगतो. ‘बहुतेक गुण येईल’ यात तो खात्री सांगतो. इंग्रजी निबंधातील ‘बहुधा’ या अर्थाचा शब्द आपण ‘बहुतेक’ असा आणला आणि वाक्याचा क्रम थोडा हलला, की खात्रीबद्दलचे सावध विधान रुग्णसंख्येबद्दलचे ठाम विधान होऊन बसते. तसेच ‘सिद्ध झाले’ हे क्रियापद. वृत्तपत्रांना ते फार प्रिय आहे. मध्यम ते अतिनिम्न खात्रीच्या पुराव्याला ‘सिद्ध’ म्हणणे हे भाषांतर नव्हे; ती पदोन्नती आहे.

महाविद्यालयात असा मजकूर वाचताना शिक्षकाने चार प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. या दोन औषधांची प्रत्यक्ष चाचणी झाली आहे काय? नसेल तर मधला दुवा कोणता, आणि तो दोन्हीकडे सारखा आहे काय? दोन कड्यांपैकी कच्ची कोणती? आणि लेखकांनी स्वतः खात्रीची कोणती पायरी सांगितली आहे? या चार प्रश्नांना संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. संदर्भ तपासून वाचण्याची सवय लागते, आणि ती सवय लावणे हे भाषेच्या वर्गाचे जुने काम आहे.

समारोप

या चिकित्सेवरून नैराश्याची औषधे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. तसा दावा येथे केलेला नाही आणि उपलब्ध पुराव्यावरून तो करताही येणार नाही. जो रुग्ण औषध घेत आहे त्याने एखादी यादी वाचून, किंवा यादीवरील टीका वाचून, औषध बंद करू नये किंवा बदलू नये. तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. कोणते औषध कोणाला सोसेल, आधी कशाचा गुण आला होता, इतर कोणते आजार आहेत, खर्च किती परवडेल, या गोष्टी डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संभाषणातच कळतात. यादीला त्या माहीत नसतात.

सिप्रियानी आणि सहकाऱ्यांचा निबंध हा मोठ्या परिश्रमाचा, आणि आपली माहिती खुली ठेवणारा म्हणून आदरास पात्र असा आहे. त्याची क्रमवारी मात्र त्याच्या पुराव्याहून अधिक ठाम दिसते. प्लासिबोच्या चाचण्या काढल्या तर बदलते ती क्रमवारी, आणि मधल्या औषधांत शंभरात एकाचाही फरक दाखवत नाही ती क्रमवारी, हा निबंधाचा सर्वांत दुबळा भाग आहे. आणि लोकांपर्यंत पोहोचला तो नेमका तोच भाग. आपल्या हाती असा मजकूर आला तर क्रमांक सांगण्याआधी त्यामागची खात्री किती ते सांगावे, आणि ती सांगताना मराठीतले वा उर्दूतले योग्य क्रियापद निवडावे.